हस्तकला प्रदर्शनात पैठणी, चप्पल, कळशी आणि घोंगडी घेताना

मैत्रिणीच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. बाकी साड्या कुठल्याही चालतील, पैठणी मात्र हातमागाचीच, एवढं त्यांच्या घरात ठरलेलं होतं. अडचण पुढची. दुकानात गेलं की चार हजारांची साडीही ‘हँडलूम’ असते आणि चाळीस हजारांचीही, आणि फरक काय म्हणून विचारलं तर ‘क्वालिटी’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून डिसेंबरात पुण्यात भरलेल्या हातमाग व हस्तकला प्रदर्शनात आम्ही दोघींनी एक अख्खा दिवस काढला. पैठणी हे मुख्य काम. जोडीला कोल्हापुरी चप्पल, तांब्याची कळशी आणि एक घोंगडी. पहिल्यांदाच अशी खरेदी करणाऱ्याला भांबावायला होतं, म्हणून दिवसाच्या क्रमानंच लिहिते.

दिवस निवडण्यापासून सुरुवात करावी लागते. आठ-दहा दिवसांच्या प्रदर्शनात पहिला दिवस टाळावा. लांबून येणाऱ्या कारागिरांचा माल ट्रान्सपोर्टनं येतो आणि दुपारपर्यंत गाठोडीच सुटत असतात. शेवटचे दोन दिवस भाव थोडा उतरतो हे खरं, पण चांगले नग आधीच गेलेले असतात. शनिवार-रविवारी गर्दीत कोणी साडी उलगडून दाखवत नाही, दाखवूही शकत नाही. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आठवड्याच्या मधल्या वारी, दार उघडताना पोचलो. सकाळचे पहिले दोन तास कारागीर मोकळे असतात आणि मनापासून बोलतात.

बरोबर नेलेल्या वस्तू: सोनार वापरतात तसं दहापट दाखवणारं भिंग, मोजपट्टी, लहान लोहचुंबक, पांढरा सुती रुमाल, पेन, दोन कापडी पिशव्या आणि रोख रक्कम. रोख विसरू नका. अशा मैदानावर दुपारनंतर मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि यूपीआयचं चक्र फिरत राहतं.

प्रदर्शन कोण भरवतं हेही आधी बघून ठेवलेलं बरं. केंद्राचा हस्तशिल्प विकास आयुक्तांचा विभाग, राज्याचं एखादं महामंडळ किंवा बचत गटांचं अभियान यांच्यामार्फत भरणाऱ्या प्रदर्शनात गाळे कारागिरांना, विणकर संस्थांना आणि गटांनाच द्यायचे असतात. खाजगी आयोजक भाडं भरणाऱ्या कोणालाही गाळा देतात, त्यामुळे तिथे व्यापारी जास्त. व्यापाऱ्याकडून घेऊच नये असं नाही. पण बनवणारा समोर असला तर प्रश्नांची उत्तरं मिळतात, आणि या सगळ्या खरेदीत उत्तरं हीच खरी तपासणी आहे. हस्तशिल्प कारागिराकडे आयुक्तालयानं दिलेलं फोटोचं ‘पहचान’ कार्ड असतं. त्यावर नाव आणि कला लिहिलेली असते. ‘दादा, कार्ड आहे का?’ असं साधेपणानं विचारलं तर ज्याच्याकडे आहे तो आनंदानं काढून दाखवतो.

आत गेल्यावर पहिला तास काहीही घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवून गेलो होतो. चौकशीच्या टेबलावर गाळ्यांची यादी मिळाली. तिच्यावर खुणा करत एक फेरी मारली. सात गाळ्यांवर पैठणी होती. एका गाळ्यावर लटकवलेली राणी रंगाची साडी ४,८०० ला आणि दोन गाळे सोडून तशीच दिसणारी साडी १७,५०० ला. लांबून दोन्ही सारख्याच झळकत होत्या.

आता मुद्द्याचं. पैठणीचा पदर आणि काठ परंपरेनं ज्या पद्धतीनं विणतात तिच्यात आडवा धागा साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. पोपटाचा हिरवा धागा पोपटापुरता जातो, कडेला शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. चोचीचा लाल धागा चोचीपुरता. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या हातानं फिरवायच्या, मग फणी ठोकायची, मग पुढची ओळ. धागा आपापल्या जागेतच वळत असल्यामुळे मागे लोंबकळायला काही उरत नाही आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

यंत्रमागावर जकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे आपोआप उचलणारी जोडणी, लावून विणलेल्या, म्हणजे बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणतात त्या साडीत नक्षीचा धागा आरपार जातो. जिथे रंग हवा तिथे तो वर येतो, एरवी मागच्या बाजूला मोकळा पडून राहतो. हे मोकळे धागे नंतर कापतात. म्हणून उलट्या बाजूला केसाळ, कापलेल्या टोकांचा थर दिसतो किंवा नक्षी पुसट आणि रंग उलटसुलट दिसतात. काही वेळा ते झाकायला मागून पातळ जाळी किंवा अस्तर लावलेलं असतं. पदराला मागून अस्तर असेल तर ते का लावलं आहे हे विचारलंच पाहिजे.

त्यामुळे किंमत विचारायच्या आधी पदर उलटा करून बघायचा. ४,८०० च्या साडीच्या मागे बोट फिरवलं तर बोटाला केसाळ थर लागला. तिथल्या विक्रेत्याचा आग्रह होता की ही हातमागाचीच, हा बघा सिल्क मार्क. दुसऱ्या गाळ्यावर येवल्याचे विणकर बसले होते. त्यांना म्हटलं, ‘दादा, पदराची मागची बाजू दाखवता का?’ त्यांनी पदर पुढे केला आणि म्हणाले, ‘ताई, तुम्हीच सांगा मागची कुठली.’ खरोखरच सांगता येईना. भिंगातून पाहिल्यावर एका बाजूला दोन-तीन ठिकाणी धागा सुरू केल्याची बारीक टोकं दिसली, तेवढ्यावरून उलटी बाजू ओळखायची.

मधल्या पायरीच्या साड्याही असतात आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. साडी हातमागावरचीच, पण काठ किंवा अंगावरची बुट्टी मागाला जकार्ड जोडून काढलेली आणि पदर तेवढा हातानं कांड्या फिरवून विणलेला. ही फसवणूक नाही. विणकरानं सांगून विकली आणि किंमत तशी लावली तर ती चांगली साडी आहे. म्हणून प्रश्न तीन विचारायचे आणि वेगवेगळे विचारायचे: काठ कसा विणला, पदर कसा विणला, बुट्टी कशी टाकली. ‘सगळं हाताचं’ हे एकत्रित उत्तर घेऊन थांबू नये. आमच्या विणकरांनी न अडखळता सांगितलं: काठ एकेरी मुनियाचा, म्हणजे छोट्या पोपटांच्या नक्षीचा, हाताचा, पदर हाताचा, त्याला महिन्याच्या वर लागला, अंगावरच्या बुट्ट्या घरातल्या वहिनींनी टाकल्या. पदर जितका भरगच्च तितके महिने वाढतात, हे त्यांनी दुसरी एक साडी उलगडून दाखवत समजावलं. हातानं नक्षी विणणाऱ्या माणसाला वेळ विचारली की तो दिवसाला किती बोटं विणून होतं यावर येतो. ज्यानं माल विकत आणलेला असतो त्याचं उत्तर मोघम राहतं.

काही खुणा लोक सांगतात त्या अर्ध्याच खऱ्या आहेत. काठाच्या कडेला बारीक भोकं दिसली म्हणजे हातमाग, हे त्यातलं एक. विणताना कापड रुंदीत ताणून धरावं लागतं, त्याची ती भोकं. पण यंत्रमागावरही ताणायला काटेरी रिंगा असतात. दुसरं, दोन मोर अगदी हुबेहूब असले तर यंत्राचे. हातचे मोर थोडे वेगळे पडतात हे बरोबर, पण मुरलेल्या विणकराचे दोन मोर डोळ्यांना सारखेच दिसतात. या खुणा जोडीला ठेवाव्यात. निकाल उलट्या बाजूवर.

लेबलांबद्दल नीट समजून घेतलं तर निम्मा त्रास वाचतो. प्रत्येक लेबल एकाच गोष्टीची हमी देतं. सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाची २००४ मध्ये सुरू झालेली खूण. ती सांगते की रेशीम अस्सल आहे. ते कुठल्या मागावर विणलं याबद्दल ती काहीही सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही ती रीतसर मिळते. हँडलूम मार्क २००६ चा. तो सांगतो की कापड हातमागावर विणलं आहे. ते रेशीम आहे, सुती आहे की लोकर, याची हमी त्यात नाही. आणि भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, १९९९ च्या कायद्याखाली मिळतं. ते त्या प्रदेशातल्या आणि नोंदवलेल्या पद्धतीच्या उत्पादनाला. पैठणीला ते आहे. विदर्भातल्या टसर रेशमाच्या करवतकाठीला आहे, सोलापुरी चादरीलाही आहे. म्हणजे हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी हवी असेल तर किमान दोन लेबलं बघायची, आणि एक दाखवून दुसऱ्याचं काम भागवायचा प्रयत्न झाला तर तो ओळखता आला पाहिजे. सकाळच्या त्या विक्रेत्यानं दाखवलेला सिल्क मार्क खोटा असायचं काही कारण नव्हतं. तो फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. लेबलावर होलोग्राम आणि स्वतंत्र क्रमांक असतो. त्याचा फोटो तिथेच काढून ठेवा.

जरीचा प्रश्न वेगळा विचारायचा, कारण किंमत सर्वांत जास्त तिच्यानं हलते. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तार तांब्याची, वर चांदीचं आणि सोनेरी पाणी. तिसरी प्लास्टिकची जरी, म्हणजे धातूचा थर दिलेली पॉलिस्टरची पट्टी. आज बहुतेक पैठण्या टेस्टेड जरीच्याच असतात आणि त्यात वाईट काही नाही. टेस्टेड जरीला अस्सल जरीचे पैसे द्यायचे नाहीत, एवढंच. पदराच्या दशांमधून निघालेला जरीचा एक तुकडा मागून घ्यावा, नखानं वरची तार उलगडावी आणि घासून भिंगाखाली धरावी. तांबूस दिसली तर टेस्टेड, पांढरी दिसली तर चांदी. आमचा तुकडा तांबूस निघाला, आणि विणकरांनी आधी तेच सांगितलं होतं.

त्यानंतर साडी पूर्ण उलगडून घेतली. यात संकोच नको. ब्लाउजपीससह सव्वासहा मीटरच्या आसपास लांबी भरायला हवी. नऊवारी असेल तर आठ मीटरच्या वर. मोजपट्टी इथे लागते. पूर्ण कापड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून घड्यांच्या रेषा बघितल्या, कारण बरेच महिने घडीत राहिलेल्या साडीची जरी तिथेच तुटते आणि रेशीम तिथेच विरतं. मग ओला रुमाल आतल्या कोपऱ्यात, विणकरांना विचारून, हलका घासला. गडद लाल, जांभळा आणि राणी रंग सुटण्याची शक्यता जास्त. रुमालावर फिकट गुलाबी छटा आली. ‘पहिल्या धुण्यात थोडा सोडेल, म्हणून ड्रायक्लीनच करा’ असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

शेवटची तपासणी जाळून बघायची, पण ती मंडपात कधीही करू नका. कनाती, कापड आणि बांबू यांमध्ये काडी ओढणं धोक्याचं आहे आणि सुरक्षारक्षक बाहेरही काढतील. ५०० रुपये टोकन देऊन, पावतीवर साडीचं वर्णन लिहून घेऊन साडी बाजूला ठेवायला सांगितली आणि दशांमधले उभ्या-आडव्या धाग्यांचे चार तुकडे घेऊन जेवणाच्या सुट्टीत मैदानाबाहेर गेलो. उभा आणि आडवा दोन्ही हवेत, कारण एक रेशीम आणि दुसरा कृत्रिम असं मिश्रण चालतं. रेशीम हळूहळू, आक्रसत जळतं, ज्योत काढली की बहुधा विझतं, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी गोळी चिमटीत चुरते. पॉलिस्टर वितळतं, धूर काळा निघतो आणि थंड झाल्यावर मणी कडक राहतो. व्हिस्कोस किंवा सूत कागदासारखं भुर्रकन पेटतं आणि मऊ राखाडी राख उरते. आमचे चारही तुकडे चुरले.

भावाबद्दल. १७,५०० सांगितले होते, १७,००० ला साडी घेतली. चार हजारांची सेमी दिसते म्हणून हातच्या साडीचा भाव निम्म्यावर पाडायचा प्रयत्न मला पटत नाही. महिन्याभराची मजुरी, रेशीम आणि जरी यांची बेरीज विणकरासमोर बसून करून बघावी, मग आपणच थांबतो. त्यापेक्षा गोंडे बांधून देणं, दशा वळून देणं, पुढेमागे काठाचा धागा निघाला तर रफू करून देणं हे मागावं. विणकर ते खुशीनं करतात आणि त्याची किंमत पाचशे रुपयांच्या सुटीहून जास्त आहे.

चप्पल दुपारनंतर बघितली, तीही मुद्दाम. दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडे सुजतात आणि माप खरं मिळतं. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. त्यामुळे ‘बेळगाव बाजूची आहे, म्हणजे डुप्लिकेट’ असं जे शेजारच्या गाळ्यावर ऐकू येत होतं ते चुकीचं आहे.

अस्सल चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि शिवण चामड्याच्या वादीची. खिळा लागत नाही. लोहचुंबक टाचेवर फिरवून बघा. तळाची कड डोळ्यांसमोर धरा: चामड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत. मध्ये पुठ्ठा किंवा फोम भरून वरून रंग मारलेला असेल तर कड एकसंध, गुळगुळीत दिसते आणि नख दाबलं की खड्डा पडतो. वास घ्या. कमावलेल्या चामड्याचा वास उग्र पण मातकट असतो. डोळ्यांत जाणारा सोल्युशनचा वास आला तर थर शिवलेले नाहीत, चिकटवलेले आहेत. वेणी खरी गुंफलेली आहे की एकाच पट्टीवर ठसा उठवलेला आहे, हे ती किंचित वाकवली की कळतं. दोन्ही पाय सपाट जमिनीवर ठेवून टाच डुगडुगते का बघा. अंगठ्याला किंचित घट्ट घ्या. चामडं सैल पडतं, घट्ट कधीच होत नाही. जोड १,४०० ला पडला. कारागीर काकांनी सांगितलेली रीत: पहिले आठ दिवस रात्री अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल चोळायचं, आणि दिवसाला तासाभरापेक्षा जास्त घालायची नाही. भिजलीच तर आत कागद कोंबून सावलीत वाळवायची. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की थर सुटतात.

तांब्याच्या गाळ्यावर वेळ थोडाच गेला. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम प्रसिद्ध आहे. मठार म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पृष्ठभागावर उठवलेले पैलू. त्यानं पत्रा कडक होतो आणि भांडं सहज पोचत नाही. हातचे ठोके एकमेकांवर थोडे चढलेले, पोटाकडे मोठे आणि गळ्याकडे लहान असतात. साच्यात दाबलेल्या भांड्यावर ठोके एकाच मापाचे, ओळीत. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. न चिकटला म्हणून तांबंच असं नाही, कारण स्टीलचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत. म्हणून वजन करून घ्या आणि बुडाच्या आत, न दिसणाऱ्या जागी बारीक चरा ओढायची परवानगी मागा. कळशी वजनावर मिळते, मजुरी वेगळी. ती पाण्यानं भरून पाच मिनिटं कागदावर ठेवा; डाख दिलेल्या सांध्यातून पाझर असेल तर कागद सांगतो. पाण्यासाठी घेत असाल तर कल्हई नको. स्वयंपाकासाठी हवी, आणि कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही, कारण कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. ताक, चिंच, लिंबू, लोणचं कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नये.

घोंगडीसाठी एकच गाळा होता, पण तिथे बसलेले आजोबा स्वतः खड्डामागावर विणणारे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळ्या नैसर्गिक रंगाची घोंगडी २,८०० ला. हातात घेताच टोचते, जड लागते आणि मेंढीचा वास येतो, म्हणून लोक ती परत ठेवतात आणि शेजारचं मऊ, हलकं ब्लँकेट उचलतात. ते बहुधा अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं असतं. नवी घोंगडी ताठ असते ती चिंचोक्याच्या खळीमुळे. वापरून ती हळूहळू मऊ होते. लोकरीचा धागाही रेशमासारखाच केसाच्या वासानं जळतो, तेव्हा चाचणी तीच. शत्रू एकच, कसर. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर कडक ऊन द्यायचं, झटकायची, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात बांधून ठेवायची.

इतर गाळ्यांवर आम्ही काही घेतलं नाही, तरी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. वारली चित्र हातचं आहे की छापील, हे कापड तिरकं धरून बघावं. हातचा पांढरा रंग किंचित उठावदार असतो आणि एका तारपा नाचातली दोन माणसं पाय सारखेच टाकत नाहीत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, संच घेणार असाल तर पानं मोजूनच घ्या: दहा अवतार, प्रत्येकी बारा, एकूण १२०. बांबूच्या टोपलीला बारीक टाचणीएवढी भोकं आणि खाली पिवळट भुगा दिसला तर आत भुंगा आहे. ती घरात आणली की लाकडी सामानाचीही काळजी लागते.

बिलाला आम्ही अर्धा तास दिला आणि तो देण्यासारखाच आहे. छोट्या कारागिराची उलाढाल मर्यादेखाली असेल तर त्याच्याकडे जीएसटी नोंदणी नसते. तो साधी पावती देतो आणि ते कायदेशीर आहे. मात्र नोंदणी नसताना त्याला जीएसटी आकारता येत नाही. बिलात कर लावला असेल तर जीएसटी क्रमांक छापलेला हवाच. पावतीवर कारागिराचं किंवा संस्थेचं नाव, गावाचा पत्ता, मोबाइल क्रमांक, गाळा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. वर्णन ‘साडी १ नग’ असं नको. आमच्या पावतीवर ‘हातमाग पैठणी, शुद्ध रेशीम, टेस्टेड जरी, काठ व पदर हातविणीचा, सिल्क मार्क क्रमांक’ असं पूर्ण लिहून घेतलं. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून महागाची वस्तू घेऊ नये. यूपीआयनं पैसे देताना स्क्रीनवर दिसणारं नाव पावतीवरच्या नावाशी जुळतं का पाहा. न जुळल्यास कोणाचं खातं ते पावतीवर लिहून घ्या. नेटवर्क अडकून पैसे गेले की नाही कळत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. बँकेचा संदेश येईपर्यंत थांबा. आम्ही साडीचे पैसे रोख दिले.

साडी घडी करताना जरीवर जरी येणार नाही अशी, मध्ये मलमल घालून बांधून घेतली. प्लास्टिकच्या पिशवीत घरी आणली तरी त्याच रात्री बाहेर काढावी. कोंडलेल्या दमटपणानं जरी काळवंडते. डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नयेत, अत्तर जरीवर मारू नये, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. लोखंडी हँगर नको.

फॉल-पिकोला देण्याआधी घरी दिवसाच्या उजेडात साडी पुन्हा एकदा पूर्ण बघून घ्या. फॉल लागला आणि ब्लाउजपीस कापला की कोणीही साडी परत घेत नाही, आणि ते रास्तच आहे. विणीत दोष निघाला तर आधी पावतीवरच्या क्रमांकावर कारागिराला फोन करावा. प्रदर्शन सुरू असेपर्यंत गाळ्यावर जाता येतं आणि आयोजकांच्या टेबलावर लेखी तक्रार देता येते. मालच वेगळा निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तिथे लागते ती वर्णनासह पावती, लेबलाचा फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा. रोख दिलेत तर ‘रोख मिळाले’ असं लिहून खाली सही घेतलेली असली पाहिजे.